चौथऱ्यावरचे लोकप्रतिनिधी

छत्रपतींच्या पुतळ्यासमोर उभा राहणारा माणूस मान वर करून पाहतो, हात जोडतो आणि पुढे जातो. त्याला काही विचारायचे नसते. आपल्याच तालुक्यातून चार-पाच वेळा निवडून गेलेल्या आमदाराच्या पुतळ्यासमोर तोच माणूस उभा राहतो, तेव्हा मात्र त्याच्या मनात वेगळेच काहीतरी चालते. त्या नेत्याचा आवाज त्याच्या कानांत अजून असतो. मुलाच्या नोकरीसाठी मिळालेले शिफारसपत्र त्याला आठवते, तसा दोन निवडणुकांत आश्वासन मिळूनही न झालेला रस्ताही आठवतो. राष्ट्रपुरुषाचा पुतळा आणि लोकप्रतिनिधीचा पुतळा यांतला हा भेद आपल्या समाजाने अजून पुरता ध्यानात घेतलेला दिसत नाही. दिवंगत आमदार, मंत्री, सभापती यांचे पुतळे गेल्या काही दशकांत महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांत उभे राहत आहेत. कारखान्याच्या प्रवेशद्वारी, महाविद्यालयाच्या प्रांगणात, बाजार समितीच्या आवारात ते दिसतात. त्यांच्याकडे केवळ हौस म्हणून पाहणे किंवा एका वाक्यात त्यांची टिंगल करणे सोपे आहे. पण हे पुतळे कोण उभारतो, कोणासाठी उभारतो आणि त्यांतून कार्यकर्त्यांच्या मनावर कोणता संस्कार होतो, हा प्रश्न गंभीर आहे.

या प्रश्नाचा विचार करायला कोल्हापूर जिल्ह्याइतकी योग्य भूमी दुसरी नाही. पुतळा म्हणजे काय हे या जिल्ह्याला उपजतच कळते. परकीय राजवटीत मुंबई इलाख्याचा गव्हर्नर विल्सन याचा पुतळा करवीरनगरीच्या भर वस्तीत उभा होता. स्वातंत्र्यलढ्याच्या अखेरच्या पर्वात क्रांतिकारकांनी तो विद्रूप केला, आणि पुढे त्या जागी भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने, बाबुराव पेंटरांच्या हातून घडलेला शिवरायांचा अर्धपुतळा बसला. परकीय सत्तेने लादलेला पुतळा आणि लोकांनी मागून घेतलेला पुतळा यांतला फरक त्या एका चौथऱ्याने सांगितला. नंतर ९ डिसेंबर १९५० रोजी भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. हयात व्यक्तीचा पुतळा उभारू नये असा संकेत आपण मानतो, आणि तो सामान्यतः योग्यच आहे. तरीही बिंदू चौकातल्या त्या पुतळ्याबद्दल कोणी कधी नाक मुरडल्याचे ऐकिवात नाही. याचे कारण उघड आहे. बागलांना त्या पुतळ्याच्या आधारे कोणतीही जागा लढवायची नव्हती, कोणताही वारसा स्वतःच्या घरात आणायचा नव्हता. पुतळा कधी उभारला यापेक्षा तो कोणी आणि कशासाठी उभारला, याला महत्त्व असते. हा निकष पुढील विवेचनात आम्ही सोडणार नाही.

आता याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या चंदगडकडे वळू. एका बाजूला कर्नाटक, दुसऱ्या बाजूला सह्याद्री उतरला की कोकण आणि गोवा. जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा बेळगाव जवळ. धो-धो पाऊस, भात, नाचणी, काजूच्या बागा, रताळी. रणजित देसाईंचे कोवाड याच तालुक्यातले. अशा कडेच्या तालुक्याला आपला आमदार म्हणजे राज्याच्या राजधानीपर्यंत पोहोचणारा एकमेव हात वाटतो. तिथल्या नेत्याबद्दलची कृतज्ञता शहरी मतदाराला समजणार नाही इतकी खरी असते. शहरात नळाला पाणी आले नाही तर माणूस महापालिकेला शिव्या देतो. चंदगडच्या वाडीवर एस.टी. सुरू झाली तर त्या वाडीला ज्याने ती आणली त्याचे नाव दोन पिढ्या पाठ असते. म्हणून तालुक्याच्या गावी नेत्याचा पुतळा हवा असे कोणी म्हणाले तर पुण्या-मुंबईत बसून त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

२००९ पूर्वी गडहिंग्लज आणि चंदगड हे स्वतंत्र मतदारसंघ होते. पुनर्रचनेनंतर गडहिंग्लजचा बराच भाग चंदगडला जोडला गेला. कानडेवाडीचे बाबासाहेब कुपेकर आधी गडहिंग्लजचे आणि २००९ पासून चंदगडचे आमदार. २००४ ते २००९ या काळात ते महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या पक्षाशी आमचे मतभेद होते आणि आहेत. तरीही विधानसभेच्या अध्यक्षपदाविषयी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. सभागृहात सर्वांत कमी बोलण्याचे बंधन ज्याच्यावर असते तो अध्यक्ष. मंत्री घोषणा करतो, विरोधी पक्षनेता गर्जना करतो, आणि दोघांच्या मध्ये बसलेला माणूस दोघांनाही बोलू देतो. त्याचे काम त्याने दिलेल्या निर्णयांत, सभागृहाच्या कामकाजाच्या छापील नोंदींत राहते. त्या नोंदी किती जण वाचतात? अध्यक्षाच्या मतदारसंघातल्या शंभर कार्यकर्त्यांना विचारले, की आपल्या साहेबांनी अध्यक्ष म्हणून दिलेला एखादा निर्णय सांगा, तर उत्तर येईल असे वाटत नाही. यात त्या कार्यकर्त्यांचा दोष नाही. त्यांना ते कोणी सांगितलेलेच नाही. पुतळा उभारला तरी तो हे सांगू शकत नाही. हार घालण्यासाठी पुढे केलेले हात आणि फेटा एवढेच ब्राँझमध्ये ओतता येते.

या मतदारसंघातील पुढचा घटनाक्रम विचार करायला लावणारा आहे. कुपेकरांच्या निधनानंतर २०१३ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी संध्यादेवी निवडून आल्या, २०१४ ला पुन्हा आल्या. २०१९ मध्ये माजी आमदार नरसिंगराव पाटील यांचे चिरंजीव राजेश पाटील निवडून आले. २०२४ च्या लढतीत राजेश पाटील होते, कुपेकरांच्या कन्या डॉ. नंदिनी बाभूळकर होत्या, आणि निवडून आले ते या दोन्ही घराण्यांबाहेरचे अपक्ष शिवाजी पाटील. मतदाराने कोणाला निवडावे हा त्याचा अधिकार आहे, आणि नेत्याच्या घरात जन्मलेल्या व्यक्तीला राजकारण वर्ज्य आहे असे आम्ही कधीच म्हटलेले नाही. प्रश्न स्मृतीचा आहे. दिवंगत नेत्याची आठवण आणि त्याच्या घरातल्या उमेदवाराची उमेदवारी या दोन गोष्टी एकमेकींना इतक्या चिकटतात, की त्या नेत्याविषयी आदराने बोलणेसुद्धा प्रचार ठरते आणि गप्प राहणे हा विरोध ठरतो. विरोधी पक्षाच्या एखाद्या प्रामाणिक माणसाला पुतळ्याला फूल वाहावेसे वाटले तरी तो दहा वेळा विचार करतो. पुतळा एका तालुक्याचा न राहता एका गटाचा होतो. चौथऱ्यावर उभ्या असलेल्या नेत्यावर यापेक्षा मोठा अन्याय कोणता?

आता सांगोल्याचे उदाहरण पाहू. सोलापूर जिल्ह्यातील हा कायम दुष्काळी तालुका आणि त्याचे गणपतराव देशमुख. शेतकरी कामगार पक्षाचे. म्हणजे आमच्या विचारधारेच्या बरोबर समोरचे. १९६२ साली ते पहिल्यांदा विधानसभेत गेले आणि २०१९ पर्यंत, मधले दोन पराभव वगळता, तेथेच राहिले. १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला शहाजीबापू पाटील यांच्याकडून अवघ्या १९२ मतांनी पडले, १९९९ ला परत आले. एकाच मतदारसंघातून एकूण अकरा विजय, आणि पक्ष शेवटपर्यंत एकच. सत्तेची लाट आली की रातोरात झेंडा बदलणाऱ्यांच्या या काळात, ज्याच्या पक्षाचे आमदार हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच उरले होते, त्या पक्षातच राहून हा माणूस निवडून येत राहिला. एस.टी.ने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ख्याती राज्यभर होती. सांगोल्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली, महिलांची सूतगिरणी उभी राहिली. आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदेत ते वर्षानुवर्षे जात राहिले आणि कृष्णेचे पाणी माणदेशाला मिळावे हा विषय सभागृहात लावून धरला. ३० जुलै २०२१ रोजी ते गेले.

दोन वर्षांनी, १३ ऑगस्ट २०२३ रोजी, सांगोल्यात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. व्यासपीठावर देवेंद्र फडणवीस होते आणि शरद पवारही होते. देशमुखांच्या पक्षाचे दोघेही नव्हेत. राज्यात राष्ट्रवादी काँग्रेस फुटून जेमतेम सहा आठवडे झाले होते, रोज एकमेकांवर तोफा डागल्या जात होत्या, आणि तरीही एका दिवंगत विरोधकाच्या पुतळ्यापाशी हे दोन नेते शेजारी उभे राहिले. पत्रकारांनी मात्र तेथेही आदल्या दिवशीच्या पुण्यातल्या गुप्त भेटीबद्दल विचारले. आमच्याच व्यवसायातील हे बंधू! पन्नास वर्षांची आमदारकी समोर ब्राँझमध्ये उभी असताना त्यांना बातमी दिसली ती भेटीची. असो.

सांगोल्याचे हे चित्र सुखावणारे आहे, पण निखळ नाही, हेही सांगितले पाहिजे. देशमुखांनी २०१९ ला वयोमानामुळे उमेदवारी नाकारली तेव्हा शेवटी त्यांच्या नातवालाच उभे करण्यात आले. डॉ. अनिकेत देशमुख ७६८ मतांनी पडले. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख निवडून आले. म्हणजे वारशाचा मोह तेथेही सुटला नाही. फरक असा, की पुतळा उभा राहिला तो विरोधकांच्याही साक्षीने. आता तो पुतळा प्रचाराला वापरणे नातवंडांनाही जड जाईल, कारण त्यावर हक्क सांगणारे सर्वच पक्षांत आहेत.

हाच निकष आपल्या माणसांनाही लावायला हवा. अन्यथा आमचे हे लेखन म्हणजे परपक्षावरची टीका होईल. गोपीनाथराव मुंडे यांचे ३ जून २०१४ रोजी अकाली निधन झाले. परळीजवळ पांगरी येथे १२ डिसेंबर २०१५ रोजी, त्यांच्या जयंतीदिनी, गोपीनाथगडाचे लोकार्पण झाले. ऊसतोड कामगारांच्या, वंचितांच्या घरांत त्यांच्याविषयी जी माया आहे तिला या स्थानाने आश्रय दिला यात शंका नाही. पण २०१९ च्या निवडणुकीनंतर १२ डिसेंबरला तेथे जो मेळावा झाला, त्याकडे महाराष्ट्राने श्रद्धांजली म्हणून पाहिले की पक्षांतर्गत नाराजीचा जाहीर उच्चार म्हणून? ज्या दिवशी एखादे स्मृतिस्थळ पुढची राजकीय चाल जाहीर करण्याची जागा ठरते, त्या दिवसापासून तेथे येणारा साधा माणूस समाधीपेक्षा व्यासपीठाकडे पाहू लागतो. संघटनेवर प्रेम करणाऱ्यांनी हे बोलले पाहिजे. बाहेरचे बोलतील तेव्हा त्यात कळकळ नसेल.

आमच्याच परंपरेतले एक वेगळे उदाहरण रामभाऊ म्हाळगींचे आहे. १९५७ ला जनसंघाचे आमदार, नंतर पुण्याच्या शुक्रवार पेठेतून १९६७ आणि १९७२ ला, आणि १९७७ व १९८० ला ठाण्याचे खासदार. आपण वर्षभर काय केले याचा छापील वृत्तान्त मतदारांपुढे ठेवण्याची शिस्त त्यांनी स्वतःला लावून घेतली होती. कोणी मागितला नव्हता, कायद्याने बंधन नव्हते. १९८२ साली ते गेले, आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाने लोकप्रतिनिधींना आणि कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देणारी प्रबोधिनी सुरू झाली. ग्रामपंचायतीचा सदस्य असो की आमदार, त्याने अर्थसंकल्प कसा वाचावा, प्रश्न कसा मांडावा हे तेथे शिकवले जाते. म्हाळगींची मूर्ती न पाहिलेल्या कार्यकर्त्यालाही त्यांची कार्यपद्धती माहीत असते ती यामुळे.

मग पुतळे उभारूच नयेत काय? आम्ही तसे म्हणत नाही. मूर्तिपूजक समाजाला मूर्तीचे सामर्थ्य कोणी समजावून सांगायची गरज नाही. पण मूर्ती घडवण्यापेक्षा प्राणप्रतिष्ठेचे नियम कठीण असतात हेही हाच समाज जाणतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण अनेक उत्साही समित्यांना ती उशिरा कळते. केरळमधील नेय्याट्टिनकारा येथे एन. सुंदरन नाडार या दिवंगत राजकीय नेत्याचा पुतळा रस्त्यालगत उभारण्याचा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला, आणि १८ जानेवारी २०१३ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना बजावले, की सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकोपयोगी जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये. महाराष्ट्रातही २०१७ च्या शासन निर्णयाने कार्यपद्धती ठरवून दिली आहे. स्थानिक संस्थेचा ठराव, जागेची मालकी, पोलिसांचा अभिप्राय, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, आणि पुढच्या देखभालीची जबाबदारी कोण घेणार याचे लेखी उत्तर. यांतले शेवटचे कलम सर्वांत दुर्लक्षित. अनावरणाला हेलिकॉप्टर येते, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर हिरवट झालेल्या चेहऱ्यावर फडका फिरवायला माणूस नसतो.

देखभालीच्याही आधी घडणीचा प्रश्न आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी मालवणच्या राजकोट येथे अनावरण झालेला छत्रपती शिवरायांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. तो दिवस कोणत्याही शिवभक्ताला विसरता येणारा नाही. सागरी वाऱ्याला कारण म्हणणाऱ्यांनी त्याच किनाऱ्यावर साडेतीन शतके उभ्या असलेल्या सिंधुदुर्गाकडे पाहावे. पुढे तेथे नवा, अधिक उंच पुतळा उभा राहिला, पण घाई आणि समारंभाची तारीख शिल्पकाराच्या कामावर स्वार झाली की काय होते, हे महाराष्ट्राने पाहून घेतले. छत्रपतींच्या बाबतीत हे घडू शकते, तर एका माजी आमदाराच्या पुतळ्याची जयंतीच्या तारखेआधी घिसाडघाईने ओतकामाला गेलेली प्रतिमा कशी असेल याची कल्पना करावी. कोल्हापुरात मातीपासून ब्राँझपर्यंतचे सारे काम जाणणाऱ्या शिल्पकारांची परंपरा असताना जिल्ह्यातल्या तालुक्याने तयार साच्यातून, कोणाचाही वाटावा असा चेहरा आणू नये.

आता पुन्हा चंदगडला येऊ. या तालुक्यात पारगड आहे. तानाजी मालुसरे सिंहगडावर पडले, त्यानंतर त्यांचे पुत्र रायबा यांच्याकडे शिवरायांनी या गडाची किल्लेदारी दिली, अशी परंपरा सांगते. मालुसऱ्यांचे वंशज आणि त्यांच्याबरोबरच्या घराण्यांची वस्ती आजही गडावर आहे. पाण्याची ओढाताण, रस्त्याचे हाल, मुलांच्या शाळेची अडचण हे सारे सोसून काही कुटुंबे गड सोडून गेली नाहीत. हाही वारसाच आहे, पण येथे वारसाला मिळाली ती राखणदारीची जबाबदारी. सिंहगडावर देह ठेवलेल्या बापाच्या मुलाला राज्याच्या टोकाचा, पावसात न्हाणारा, गैरसोयीचा गड देण्यात आला आणि त्याने तो राखला. एकाच तालुक्यात वारशाचे हे दोन अर्थ नांदत आहेत, आणि दिवंगत लोकप्रतिनिधीच्या घरातील व्यक्तींनी यांतला कोणता निवडायचा हे त्यांनीच ठरवायचे आहे.

तालुक्यात दुसरीही एक वास्तू आहे, हलकर्णीचा दौलत साखर कारखाना. सभासद शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा राहिलेला हा सहकारी कारखाना कर्जात रुतला, काही हंगाम त्याची धुराडी थंड राहिली, आणि २०१९ पासून तो भाडेपट्ट्याने खाजगी कंपनीकडे गेला. या अवस्थेला कोण किती जबाबदार, हा वेगळ्या लेखाचा विषय. येथे एवढेच, की ज्या शेतकऱ्याच्या उसाचे पैसे अडकले त्याला चौकातला कोणताही पुतळा मोठा वाटत नाही. सांगोल्याच्या पुतळ्यामागे सूतगिरणी उभी आहे. पुतळा सुंदर की सामान्य हे तेथील माणूस नंतर पाहतो.

म्हणून चंदगडच नव्हे, ज्या कोणत्या तालुक्यात अशी समिती स्थापन होत असेल तिच्यापुढे आम्ही काही अपेक्षा ठेवतो. निधी लोकवर्गणीतून यावा, आणि एका व्यक्तीच्या वर्गणीला मर्यादा असावी, म्हणजे ठेकेदारांच्या पैशातून पुतळा उभा राहणार नाही. समितीत त्या नेत्याविरुद्ध निवडणूक लढवलेल्या किमान एका माणसाला मानाने बोलवावे. घरातील मंडळींनी अनावरणाला पहिल्या रांगेत बसावे, पण भाषण करू नये, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत तरी त्या चौथऱ्यावरून प्रचाराचा नारळ फोडू नये. चौथऱ्याच्या दगडावर केवळ ‘लोकनेते’ आणि ‘भाग्यविधाते’ ही विशेषणे न कोरता वर्षे कोरावीत. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत सभागृहात, कोणत्या पदांवर, कोणती कामे पुरी झाली. आणि हो, पराभवाचे सालही कोरावे. सांगोल्याच्या देशमुखांच्या चरित्रातून १९९५ काढून टाकले तर १९९९ चा अर्थच उरत नाही. पडल्यावर घरी न बसता मतदारसंघात फिरत राहणारा माणूस कसा असतो, हे नव्या कार्यकर्त्याला त्या दोन आकड्यांवरून कळेल.

आणखी एक, जे सर्वांत स्वस्त आहे आणि म्हणूनच कदाचित कोणी करणार नाही. विधिमंडळाच्या कामकाजाचे छापील वृत्तान्त मिळवून त्या नेत्याची भाषणे, त्याने विचारलेले प्रश्न, अध्यक्ष असेल तर त्याने दिलेले निर्णय, यांचा संच तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात ठेवावा. पुतळ्याच्या खर्चाच्या शंभराव्या भागातही हे काम होईल. शाळेची मुले जयंतीला पुतळ्यापाशी नेली जातात, गुलाल उधळला जातो, चहा-बिस्किटे होतात. त्याच दिवशी त्यांना वाचनालयातही न्यावे, आणि आपल्या तालुक्याचे नाव सभागृहात प्रथम केव्हा, कोणत्या प्रश्नावर उच्चारले गेले ते एखाद्या शिक्षकाने त्यांच्यासमोर वाचून दाखवावे.